मोबाईलवरून सामूहिक संदेश : शेतापासून कोपरखैरण्यापर्यंत

भाजीपाला हे नाशवंत पीक आहे. सायंकाळी काढलेली मेथी किंवा कोथिंबीर दुसऱ्या दिवशी सकाळी विकली गेली नाही तर तिचा भाव निम्म्यावर येतो आणि तिसऱ्या दिवशी ती जनावरांपुढे टाकावी लागते. त्यामुळे भाजीपाल्याच्या शेतीत खत-पाण्याइतकेच महत्त्व वेळेवर मिळालेल्या निरोपाला आहे. बाजार बंद असल्याचा निरोप तोडणीपूर्वी मिळाला तर माल झाडावर राहतो. तोच निरोप गाडी भरल्यानंतर मिळाला तर तोडणीची मजुरी, गाडीभाडे आणि माल असे तिहेरी नुकसान होते.

याचा अनुभव मे २०२० मध्ये अनेकांनी घेतला आहे. करोनाच्या साथीमुळे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे वाशी येथील भाजीपाला, फळे, कांदा-बटाटा, मसाला व धान्य हे पाचही बाजार ११ ते १७ मे या काळात बंद ठेवण्यात आले होते. अशा वेळी एका तालुक्यातील पन्नास-साठ उत्पादकांना एकेक करून फोन लावत बसणे शक्य नसते. एकच संदेश एकाच वेळी सर्वांना पाठविण्याची सोय प्रत्येक मोबाईलमध्ये असते. तथापि तिचा वापर कसा करावा याची माहिती नसल्याने संदेश जातो, परंतु निरोप पोहोचत नाही. या लेखात त्याची पद्धत दिली आहे.

कोपरखैरणेच का?

ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर घणसोली आणि तुर्भे यांच्या दरम्यान कोपरखैरणे हे स्थानक आहे. वाशी-तुर्भेचा घाऊक बाजार येथून जवळ आहे. सिडकोने वसविलेल्या येथील सेक्टरमध्ये लहान-मोठ्या असंख्य सोसायट्या आहेत. बाजारात हमाली करणाऱ्या माथाडी कामगारांच्या वसाहतीही येथे आहेत. यांपैकी अनेक कुटुंबांचे मूळ गाव सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांत आहे. गावाकडच्या मालाची त्यांना पारख आहे आणि ओढही आहे.

जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेर फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला. तेव्हापासून शेतकरी किंवा शेतकरी गट शहरातील ग्राहकाला थेट माल विकू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत सोसायटीच्या दारात भाजीपाला पोहोचविणाऱ्या गटांनी या सोयीचा चांगला उपयोग केला. बाजारात माल नेला तर तो कोणी ना कोणी घेतो, भाव मात्र आपल्या हाती नसतो. थेट विक्रीत भाव आपण ठरवितो, परंतु गिऱ्हाईक आधी बांधून ठेवावे लागते. ते बांधण्याचे काम सामूहिक संदेश करतो.

सामूहिक संदेश म्हणजे काय?

जगातील पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविण्यात आला. आपल्याकडे शेतीसाठी त्याचा वापर होऊ लागला त्यालाही बराच काळ लोटला आहे. २००७ पासून काही वर्षे रॉयटर्स मार्केट लाईट ही सशुल्क सेवा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना मराठीतून बाजारभाव व हवामान कळवीत असे. केंद्र शासनाचे एम-किसान पोर्टल १६ जुलै २०१३ रोजी सुरू झाले. या सेवांमध्ये निरोप वरून खाली येतो. आपल्या गटाचा निरोप आपणच पाठवावयाचा असल्यास पुढील तीन मार्ग आहेत.

१) सामूहिक एसएमएस : संदेश लिहिण्याच्या पानावर एकाऐवजी अनेक नावे निवडली की मोबाईल प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस पाठवितो. यासाठी इंटरनेट लागत नाही. साध्या बटणाच्या मोबाईलवरही तो मिळतो. स्मार्टफोनवर संदेशांच्या सेटिंगमध्ये ‘ग्रुप मेसेज’ या ठिकाणी एमएमएस व स्वतंत्र एसएमएस असे दोन पर्याय असल्यास स्वतंत्र एसएमएसचा पर्याय निवडावा.

२) व्हॉट्सअ‍ॅप गट : यात सर्वजण सर्वांचे संदेश वाचतात. छायाचित्र पाठविता येते. मात्र प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि शुभेच्छांच्या गर्दीत कामाचा निरोप वर सरकून जातो.

३) व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट यादी : एका यादीत २५६ पर्यंत क्रमांक ठेवता येतात. प्रत्येकाला संदेश स्वतंत्र मिळतो व कोणाचा क्रमांक कोणाला दिसत नाही. मात्र ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच हा संदेश पोहोचतो. ग्राहकाला प्रथम भेटतानाच क्रमांक साठविण्यास सांगावे.

गावाकडील सभासदांसाठी एसएमएस आणि शहरातील ग्राहकांसाठी ब्रॉडकास्ट यादी ही विभागणी सोयीची ठरते. वीज गेली, इंटरनेट बंद पडले तरी एसएमएसचा निरोप सहसा अडत नाही.

सत्तर अक्षरांचा हिशेब

रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरीत लिहिल्यास हीच मर्यादा ७० वर येते. संदेशात एक जरी देवनागरी अक्षर किंवा रुपयाचे चिन्ह असले तरी संपूर्ण संदेशाला ७० ची मर्यादा लागू होते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. ‘कोथिंबीर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, परंतु मोबाईल तो आठ मोजतो. मोकळी जागाही मोजण्यात येते.

संदेश ७० च्या पुढे गेला की त्याचे प्रत्येकी ६७ अक्षरांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र एसएमएस धरला जातो. समजा, आपल्या यादीत ६० ग्राहक आहेत. १३० अक्षरांचा संदेश पाठविल्यास प्रत्येकी दोन याप्रमाणे १२० एसएमएस खर्च होतात. अनेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. म्हणजे यादीतील शेवटच्या दहा ग्राहकांचे संदेश एक तर अडतील किंवा त्यांचे जादा पैसे पडतील. तोच मजकूर ७० मध्ये बसविल्यास ६० एसएमएसमध्ये काम होते आणि ४० शिल्लक राहतात.

ग्राहकांसाठी संदेशाचा नमुना :

शनि सकाळी ७ ते ९. टोमॅटो ३०, मेथी २०. गुरु रात्री ८ पर्यंत कळवा.

हा संदेश ६४ अक्षरांचा आहे. टोमॅटोचा भाव किलोचा, मेथीचा जुडीचा आणि गाडी कोणत्या फाटकाशी उभी राहील, या गोष्टी दर वेळी लिहू नयेत. त्या सुरुवातीला छापील चिठ्ठीवर एकदाच द्याव्यात. नमुन्यातील भाव केवळ उदाहरणादाखल आहेत.

सभासदांसाठी संदेशाचा नमुना :

शुक्र १२ ला तोडणी नको. शनि वाशी मार्केट बंद. वाचून हो कळवा.

हा ५९ अक्षरांचा आहे. यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, काय करावयाचे ते सर्वात आधी लिहिले आहे व कारण नंतर दिले आहे. दुसरी, ‘आज’ किंवा ‘उद्या’ हे शब्द टाळले आहेत. मोबाईल बंद असल्यास संदेश उशिरा मिळतो. गुरुवारी पाठविलेला ‘उद्या’ शुक्रवारी वाचला तर तो शनिवार होतो आणि शुक्रवारची तोडणी होऊन बसते. म्हणून वार आणि तारीख लिहावी. तिसरी, उत्तर मागितले आहे.

‘गेला’ आणि ‘पोहोचला’ यांतील फरक

मोबाईलवर ‘पाठविला’ असे दिसले म्हणजे संदेश आपल्या मोबाईलमधून बाहेर पडला, एवढाच त्याचा अर्थ आहे. समोरचा मोबाईल बंद किंवा रेंजबाहेर असेल तर कंपनी तो संदेश काही काळ राखून ठेवते व मुदत संपल्यावर सोडून देते. सेटिंगमध्ये पोहोच-पावतीची सोय असल्यास ती सुरू करावी. तरीही पोहोचलेला संदेश वाचलाच असेल असे नाही. काही जुन्या मोबाईलवर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे, तो म्हणजे उलट उत्तर. यादीतील प्रत्येक नावापुढे वहीत ‘हो’ची खूण करावी. ठरलेल्या वेळेनंतर ज्यांची खूण नाही त्यांना फोन करावा. साठ सभासदांपैकी पन्नासांनी उत्तर दिले तर फोन दहाच करावे लागतात. गटातील पाच जणांनी प्रत्येकी दोन फोन वाटून घेतल्यास हे काम काही मिनिटांत आटोपते. नुकसान बहुधा या राहिलेल्या दहांतच होते. म्हणून हे काम टाळू नये.

शनिवारच्या गाडीचे वेळापत्रक

कोपरखैरणे येथे शनिवारी सकाळी माल द्यावयाचा असल्यास कामाची आखणी पुढीलप्रमाणे करावी.

• बुधवार सायंकाळ : उपलब्ध भाज्या व भाव ग्राहकांना कळवावेत. भाव एकदा कळविल्यावर बदलू नये.
• गुरुवार रात्री ८ : मागणी घेणे बंद करावे. सर्व मागणीची वहीत बेरीज करावी.
• शुक्रवार सकाळ : कोणी किती माल आणावयाचा ते प्रत्येक सभासदाला स्वतंत्र कळवावे. बेरजेपेक्षा थोडाच माल जादा घ्यावा.
• शुक्रवार दुपारनंतर : ऊन उतरल्यावर पालेभाज्यांची काढणी करावी. माल सावलीत ठेवून प्रतवारी करावी व सोसायटीनुसार वेगळ्या पिशव्या भराव्यात.
• शनिवार पहाट : गाडी निघाल्याचा व पोहोचण्याच्या वेळेचा संदेश द्यावा. घाटात किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर उशीर झाल्यास तसे लगेच कळवावे.

उशिराचा निरोप देण्याचा संकोच वाटू देऊ नये. सात वाजता खाली उतरून अर्धा तास ताटकळलेला ग्राहक पुढच्या आठवड्यात नाव नोंदवीत नाही. मात्र पावणेसातला ‘साडेसातला येतो’ असे कळविलेला ग्राहक थांबतो.

परवानगीशिवाय संदेश नको

सोसायटीच्या सूचनाफलकावरून किंवा कोणाकडून तरी क्रमांकांची यादी मिळवून सर्वांना संदेश पाठविण्याचा मोह होतो. तसे करू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार साध्या दहा अंकी क्रमांकावरून न मागितलेले जाहिरातीचे संदेश पाठविता येत नाहीत. ग्राहक १९०९ या क्रमांकावर तक्रार करू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम अधिक कडक झाले. दहा दिवसांत पाच ग्राहकांच्या तक्रारी आल्यास कारवाई होऊ शकते. त्यात प्रथम बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद होते आणि पुन्हा तसेच घडल्यास वर्षभरासाठी क्रमांक तोडला जातो. गटाचा एकमेव क्रमांक ऐन हंगामात बंद पडणे परवडणारे नाही.

त्यासाठी पहिल्या भेटीतच वहीत ग्राहकाचे नाव, क्रमांक व ‘संदेश चालेल’ अशी त्याची सही घ्यावी. ‘बंद’ असे उत्तर आल्यास त्याच दिवशी नाव काढावे. यादी शेकड्यांच्या पुढे गेल्यास शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने दूरसंचार कंपनीकडे रीतसर नोंदणी करून संदेश पाठवावेत.

नेहमी होणाऱ्या चुका

१) सभासद व ग्राहक यांची एकच यादी करणे. खरेदीचा भाव ग्राहकाला आणि विक्रीचा भाव सभासदाला जाऊन गैरसमज होतात. दोन याद्या, दोन नावे ठेवावीत.

२) नवी यादी न तपासता वापरणे. प्रथम घरातील दोन-तीन क्रमांकांवर संदेश पाठवून पाहावा.

३) ऐकीव बातमी पुढे ढकलणे. बाजार बंदची बातमी बाजार समिती किंवा आपल्या अडत्याकडून खात्री करूनच पाठवावी. चुकीच्या निरोपाने साठ जणांची तोडणी थांबते.

४) पैशांचा क्रमांक गटात वारंवार बदलणे. यूपीआयचा एकच क्रमांक छापील चिठ्ठीवर द्यावा व तो बदलणार नाही असे ग्राहकांना सांगावे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे सभासदांनीही लक्षात ठेवावे.

५) सर्व काम एकाच्या मोबाईलवर ठेवणे. यादीची प्रत वहीत आणि दुसऱ्या सभासदाच्या मोबाईलमध्ये असावी. मोबाईल हरवला म्हणून गिऱ्हाईक हरवू नये.

येत्या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढे अवश्य करावे : सभासदांची यादी तयार करून ‘चाचणी, वाचून हो कळवा’ असा संदेश पाठवावा आणि तासाभरात किती ‘हो’ येतात ते मोजावे. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांची अडचण काय, मोबाईल जुना आहे, क्रमांक बदलला आहे की वाचून दाखविणारे कोणी घरात नाही, ते विचारून घ्यावे व वहीत नोंदवावे. गाडी भरण्याच्या रात्री हीच नोंद उपयोगी पडेल.