संकेतस्थळावरील मजकुराची मांडणी : एक विचार

औषध देताना मात्रा, काल आणि अनुपान या तीन गोष्टी आपण रुग्णास तोंडी समजावून सांगतो. हेच काम आता अनेक चिकित्सालयांची व औषधालयांची संकेतस्थळे करू लागली आहेत. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर कित्येक घरांत मुले मुंबईस व आईवडील गावी असतात. औषध मुले मागवितात. सूचना मात्र आईवडील मोबाईलच्या लहान पडद्यावर वाचतात. त्यामुळे मजकुराची मांडणी हा केवळ सजावटीचा विषय राहिलेला नाही.

आमचाच अनुभव सांगतो. आमच्या संकेतस्थळावर एका आसवाची माहिती गडद हिरव्या पार्श्वभूमीवर केशरी अक्षरांत, एकाच लांबलचक परिच्छेदात दिलेली होती. आरंभी घटकद्रव्ये, मग गुणकर्म आणि अगदी शेवटी ‘समभाग पाण्यासह, भोजनोत्तर’ ही सूचना. एका वृद्ध रुग्णाने चार दिवस ते आसव पाण्याविना, उपाशीपोटी घेतले आणि छातीत जळजळ होते म्हणून ते आमच्याकडे आले. “वाचलं होतं डॉक्टर, पण शेवटापर्यंत नजर टिकली नाही,” असे ते म्हणाले. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता.

शास्त्राचा आधार

मांडणीचा विचार आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ व सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी ‘उद्देश’ म्हणजे संक्षेपाने कथन आणि ‘निर्देश’ म्हणजे विस्ताराने कथन. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९४१ साली वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चरकसंहिता प्रसिद्ध केली. तीत मूळ संहिता मोठ्या टाइपात व चक्रपाणिदत्तांची टीका खाली लहान टाइपात आहे. मूळ कोणते व विवरण कोणते, हे वाचण्याआधीच डोळ्यांस कळते. संकेतस्थळावर साधावयाचे ते हेच.

व्यवहारातील नियम

१. प्रथम उद्देश, नंतर निर्देश. मात्रा, काल, अनुपान व निषेध प्रत्येकी स्वतंत्र ओळीत, पानाच्या आरंभी द्यावेत. घटकद्रव्ये व गुणकर्म त्याखाली उपशीर्षके देऊन लिहावेत.

२. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. चित्ररूपाने चिकटविलेला मजकूर मोबाईलवर बारीक होतो आणि अंधांसाठीच्या वाचकप्रणालीस वाचता येत नाही.

३. देवनागरीत मात्रा व रफार वर, तर उकार खाली येतात. यासाठी ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावे. दोन अक्षरांतील अंतर मात्र वाढवू नये. शिरोरेखा तुटते व शब्द विस्कळीत दिसतो.

४. ठळक अक्षरे दोन-चार शब्दांपुरतीच वापरावीत. जोडाक्षरे ठळक केल्यास त्यांतील पोकळ जागा बुजतात. ओळी डाव्या बाजूस जुळवाव्यात. दोन्ही कडा जुळविल्यास अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात.

५. वेबच्या सुगमतेविषयीच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळे हे सर्वांत निर्धोक. इशारा केवळ लाल रंगाने देऊ नये, शब्दांतही लिहावा. लाल-हिरवा भेद न कळणारे वाचकही असतात.

६. बारीक अक्षरांत १ व ९ यांची गल्लत होते. म्हणून ‘१५ मि.लि. (५ मि.लि.चे ३ चमचे)’ असे दोन्ही प्रकारे लिहावे.

परीक्षा

पान तयार झाल्यावर साठीपुढील एखाद्या व्यक्तीच्या हाती मोबाईल द्यावा आणि तीनच प्रश्न विचारावेत : किती घ्यावयाचे? केव्हा? कशासोबत? उत्तरे शोधण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर पान बदलावे. ही परीक्षा वाचकाची नव्हे, आपल्या मांडणीची आहे.

आम्ही आसवाचे ते पान बदलले आणि त्याच गृहस्थांस वाचावयास दिले. त्यांनी तिन्ही उत्तरे लगेच सांगितली, आणि मग विचारले, “हे आधी का नाही असं लिहिलंत?” वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयचालकांनी पुढील अंकापर्यंत आपले निदान एक पान या दृष्टीने तपासावे, ही विनंती.