झेंड्यावरचा अष्टकोन आणि तुमच्या बरणीवरचा लोगो



घाट उतरून फोंडाघाटच्या बाजारात थांबलेला, मालवणला निघालेला पर्यटक दुकानात काय बघतो? कोकम आगळ, आंबापोळी, काजू, मालवणी मसाला. आणि बऱ्याच लेबलांवर तेच चित्र: माड, होडी, किल्ला. मग त्याने तुमचीच बरणी का उचलावी? आणि पुढच्या वर्षी परत आल्यावर ती ओळखावी कशी?

याचं उत्तर आज आपण एका झेंड्याकडून शिकणार आहोत. तो आहे भारतीय नौदलाचा ध्वज, आणि त्याचा धागा थेट आपल्या किनाऱ्याशी जुळतो. महाराजांनी 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. त्याच आरमाराच्या वारशाची आठवण म्हणून नौदलाने नव्या ध्वजात राजमुद्रेचा अष्टकोन घेतला. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत हा ध्वज स्वीकारला गेला.

ध्वजावर काय आहे?

- पांढरं कापड, वरच्या कोपऱ्यात तिरंगा.
- उजवीकडे निळा अष्टकोन, त्याला दुहेरी सोनेरी किनार. ही किनार राजमुद्रेवरून घेतली आहे.
- आठ बाजू म्हणजे आठ दिशा: नौदलाची पोच सगळीकडे.
- निळा रंग खोल समुद्राचा.
- आत राजचिन्ह, नांगर आणि वरुणदेवाकडे कल्याण मागणारं बोधवाक्य.

एकही गोष्ट उगाच नाही. प्रत्येकीला "का?" विचारलं तर उत्तर मिळतं.

धडा 1: लांबून दिसलं पाहिजे

1950 पासून नौदलाच्या ध्वजावर इंग्रजांच्या काळातला लाल क्रॉस होता. 2001 मध्ये तो काढून पांढऱ्यावर निळं बोधचिन्ह घेतलं. अर्थ चांगला होता, पण निळं चिन्ह आकाशात आणि समुद्रात मिसळून जायचं, ओळखू यायचं नाही. म्हणून 2004 मध्ये क्रॉस परत आला! अर्थ कितीही छान असला तरी चिन्ह दिसलंच नाही तर काय उपयोग?

तुम्ही काय कराल? लेबलची प्रिंट काढा, बरणीला चिकटवा, दहा पावलं मागे जा. कोकमाच्या गडद लाल रंगावर मरून अक्षरं दिसतात का? बघा.

धडा 2: चिन्हाने वचन द्यावं

त्या काळी शिक्के बहुधा फारसीत असत. महाराजांची मुद्रा संस्कृतात होती. तिचा आशय असा: प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. सुरुवात लहान, पण कोणासाठी काम करायचं ते स्पष्ट. तुमचं वचन एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ, "घरच्या रातांब्यांचं, रंग न घातलेलं आगळ." मग चिन्ह त्यातूनच काढा. पण लिहाल ते खरं असलं पाहिजे, हे विसरू नका.

धडा 3: एकच खूण, सगळीकडे

4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला. त्याच महिन्यात ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या नव्या पट्टीवरही अष्टकोन आला. आधी झेंडा, मग गणवेश. तुमचंही तसंच हवं: बरणी, पिशवी, बिलबुक, व्हॉट्सॲपचा फोटो, सगळीकडे एकच आकार, एकच रंग.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हे करू नका!

"सर, मग मी महाराजांचं चित्रच लेबलवर टाकतो." थांबा. 1950 च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. तिरंग्यालाही हाच नियम आहे. चार सिंहांच्या राजचिन्हासाठी 2005 चा वेगळा कायदा आहे. राजमुद्रेत महाराजांचं नाव कोरलेलं आहे, म्हणून तीही जशीच्या तशी घेऊ नका. समजा, पाच हजार लेबलं छापली आणि नंतर हे कळलं. सगळी रद्दी, आणि हंगाम हातातून गेला. आदर मनात ठेवा, मालात दाखवा.

या आठवड्याचा गृहपाठ

1. वचनाची एक ओळ लिहा.
2. तुमच्याच कामातली एक वस्तू निवडा: आजीचा पाटा, रातांब्याची फोड, घाटाचं वळण.
3. जास्तीत जास्त दोन रंग ठरवा.
4. छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर तसंच नाव किंवा चिन्ह आधीच कोणाचं आहे का, ते शोधा.
5. मग अर्ज करा. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच.

तुमच्या चिन्हात काय काय आहे आणि का आहे, ते व्हिडिओखाली लिहा. एखाद्या गोष्टीचं "का" सापडत नसेल, तर ती खोडून टाका.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, धंदा छोटा असो, ओळख पक्की ठेवा!