पेट्रोलचा भाव कसा ठरतो?

बाजारभाव म्हणजे काय, हे कोल्हापूरकडच्या माणसाला शिकवायला नको. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो. गुऱ्हाळे जोरात चालली, रव्यांची आवक वाढली, की भाव उतरतो. आवक कमी आणि गिऱ्हाईक जास्त झाले, की भाव चढतो. माल आणि मागणी ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत.

पेट्रोलचेही असेच आहे. पण त्याचा बाजार जगाएवढा मोठा आहे. पेट्रोल आणि डिझेल खनिज तेलापासून करतात. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ भागांहून जास्त तेल परदेशातून येते. ते पिंपावर मोजतात. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल मावते. सौदा बहुतेक डॉलरमध्ये होतो. म्हणून तेल महागले तरी, किंवा रुपया उतरला तरी, आपल्याला जास्त पैसे मोजावे लागतात.

आता मागणीचा जोर किती असतो ते पाहा. २०२० साली करोनाची साथ आली. जगभर गाड्या थांबल्या, विमाने थांबली. तेलाला गिऱ्हाईक राहिले नाही. साठवायला जागा पुरेना. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. "तेल न्या, वर पैसे देतो," अशी विकणाऱ्याची गत झाली! पुढे लोक हिंडूफिरू लागले आणि भाव चढला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तेल कमी पडेल अशी भीती पसरली. मार्चमध्ये पिंपाचा भाव १०० डॉलरच्या वर गेला.

कोणी विचारील, "मग २०२० साली आपल्याला पेट्रोल स्वस्त का मिळाले नाही?" प्रश्न रास्त आहे. पंपावरच्या भावात नुसते तेल नसते. त्यात शुद्धीकरणाचा खर्च, वाहतूक, पंपवाल्याचे कमिशन, केंद्राचा कर आणि राज्याचा कर मिळवलेला असतो. मे २०२० मध्ये केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. तेल उतरले, पण कर चढला. स्वस्ताई वाटेतच अडली.

राज्याचा कर सगळीकडे सारखा नसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाने आपला कर लिटरमागे ७ रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ रुपयांची कपात केली ती जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात कागलच्या पुढे, निपाणीच्या बाजूला पेट्रोल चांगलेच स्वस्त होते. पण स्वस्त म्हणजे फायदा, असे नेहमी नसते. आपण हिशेब करू. समजा, लिटरमागे १० रुपये वाचतात. ५ लिटर घेतले तर ५० रुपये वाचले. कोल्हापूरहून निपाणी सुमारे ४० किलोमीटर. जाऊन येऊन ८०. गाडी लिटरला ५० किलोमीटर चालली, तर १.६ लिटर पेट्रोल जळाले. १०० रुपये भावाने त्याचे १६० रुपये झाले. म्हणजे ५० वाचवायला १६० घातले! कामासाठी तिकडे जाणाऱ्याचाच फायदा.

गूळ महागला, तर चहात थोडा कमी घालता येतो. डिझेलचे तसे नाही. ऊस कारखान्याला घालावाच लागतो. दूध डेअरीला न्यावेच लागते. आजाऱ्याला दवाखान्यात पोचवावेच लागते. म्हणून भाव वाढला तरी इंधनाची मागणी लवकर घटत नाही. घटतो तो घरातला दुसरा खर्च. कपडा राहतो, पोराची वही राहते. टेंपोचे भाडे वाढते, मग भाजीही महागते. गाडी नसलेल्या घरालाही ही झळ लागते.

जगाचा भाव आपल्या हातात नाही. आपली फेरी मात्र आपल्या हातात आहे. दोन कामे एका फेरीत करावीत. दोघा शेजाऱ्यांनी एका गाडीवर जावे. टायरमध्ये हवा नीट ठेवावी. आणि आता आपल्याला लिहिता येते, तर खर्च लिहून ठेवावा.

हे करून पाहा :
१. या महिन्यात पेट्रोलवर किती रुपये गेले, ते वहीत लिहा.
२. त्यांतल्या किती फेऱ्या टळल्या असत्या, ते घरच्यांना विचारून मांडा.