पांढरीच्या मातीतील इतिहास : रामलिंगप्पा लामतुरे यांचे संग्रहकार्य

तेरणा नदीकाठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर व तेर ही दोन्ही उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नगर असल्याची नोंद असून तेथील कापड भडोच बंदराकडे जात असे. तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले.

या नगराचे अवशेष गावाच्या पांढरीत दडलेले होते. पांढरीची माती घरांसाठी व शेतांसाठी उपसली जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी तो वाचविण्याचे कार्य अंगावर घेतले. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती अशा हजारो वस्तू त्यांनी जमविल्या. पुढे हा संग्रह राज्य शासनाकडे आला व तेरच्या शासकीय संग्रहालयास त्यांचेच नाव देण्यात आले.

या वस्तू केवळ शोभेच्या नाहीत. त्यांत कलेबरोबर तत्कालीन शास्त्रही दिसते. पोकळ मृण्मूर्ती दोन साच्यांत घडवून जोडलेल्या आहेत. तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून सूक्ष्म पोकळ्या राहिल्या, हे त्याचे कारण होय. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्यापूर्वीची ठरते आणि तेरच्या मूर्तीचा काळ अजमावण्यास आधार मिळतो.

तथापि, वर सापडलेल्या वस्तूवरून ती कोणत्या थरातील, हे कळत नाही. ती उणीव उत्खननाने भरून निघते. १९५८ मध्ये चापेकर यांनी व पुढे शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. थरांच्या क्रमामुळे वस्तूंचा कालक्रम लावता आला. संग्राहकाची दक्षता आणि उत्खननाची शिस्त अशा प्रकारे परस्परपूरक ठरतात.

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांनाही जुन्या पांढरी आहेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने पांढरीचा उपसा थांबवावा, वस्तू धुऊन वा घासून स्वच्छ करू नये; शिक्षकांनी ती नेमकी कोठे व किती खोलीवर मिळाली, याची त्याच दिवशी नोंद ठेवावी. स्थळाची नोंद हरवली, तर वस्तू हाती राहूनही तिचा इतिहास हातचा जातो.