अडलं तर ओढू नकोस

आजोबांची पद्मिनी भंगारात द्यायची नाही, तिचं इंजिन घरच्या अंगणातच उतरवायचं, हे तू ठरवलंस ते मला मनापासून आवडलं. शिकायला याहून चांगली गाडी नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, लांबीत बसवलेलं, वरून सगळं दिसतं आणि हात पोचतो. आमच्या उस्तादांनी जे शिकवलं आणि पुढे मी जे पोरांना शिकवलं, ते तुला सांगतो.

पाना उचलण्याआधी इंजिन उतरवायची खरंच गरज आहे का, ते बघ. हेडचं पॅकिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, टॅपेट ही कामं इंजिन जागेवर ठेवूनच होतात. नुसती क्लच प्लेट बदलायची तर गिअर बॉक्स खालून उतरतो. क्रँक घासायची असेल, ब्लॉक बोअरिंगला द्यायचा असेल, तरच इंजिन बाहेर काढ. म्हणून गाडी चालू आहे तोवर कॉम्प्रेशन मोजून घे. इंजिन गरम कर, चारही प्लग काढ, कॉइलची वायर सोडून ठेव, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मार आणि चारही आकडे लिही. ज्या सिलिंडरचा आकडा पडलाय त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि पुन्हा मोज. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. हललाच नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचा, आणि तो नुसतं हेड उचलून निघतो. ही परीक्षा इंजिन खाली उतरल्यावर घेता येत नाही.

काम दिवाळीनंतर काढ. पावसात अंगणाची माती जॅकचं वजन पेलत नाही आणि उघडा ब्लॉक बघता बघता गंजतो. आदल्या दिवशी गाडी सर्व्हिस स्टेशनला नेऊन इंजिन धुऊन आण. सायलेन्सर पाइपच्या नटांवर गंज सोडवणारं तेल त्याच संध्याकाळी सोड, रात्रभर मुरू दे.

सुरुवात बॅटरीपासून. बॉडीला जोडलेली वायर आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची. उलट केलंस तर दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. पेट्रोलची नळी पंपाजवळ सोडलीस की तिच्या तोंडात योग्य जाडीचा बोल्ट घालून क्लिप आवळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, गटारात, खड्ड्यात साचून राहते. आसपास उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, गॅस गीझर काहीही पेटतं नको. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेव. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघड. कूलंट बादलीत धर आणि झाकून ठेव, कारण त्याची चव गोडसर असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ऑइल कोमट असताना काढ, म्हणजे गाळासकट येतं. ते गटारात ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दे, तो वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे देतो.

प्रत्येक वायरीला, नळीला कापडी पट्टी लावून नाव लिही आणि सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. प्लगच्या वायरींना सिलिंडरचे नंबर घाल. फायरिंग १-३-४-२ आहे, तरी पाठांतरावर विसंबू नकोस. काढलेला बोल्ट शक्य असेल तर त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेव. सगळे बोल्ट एका डब्यात टाकणारा माणूस बसवताना लांब बोल्ट आखूड भोकात घालतो आणि ब्लॉक फोडतो. बॉनेट काढताना बिजागरीच्या कडेने खडूने रेघ मार, म्हणजे पुन्हा बसवताना फटी जुळतात. रेडिएटर, पंखा, डायनामो, कार्बोरेटर, डेल्कोचं म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आधीच बाहेर काढ. इंजिन झुलताना जे ठोकर खाऊन फुटेल ते जागेवर राहता कामा नये.

आता उचलायचं. इथे मी कडक आहे. पंख्याच्या हुकाला चेन ब्लॉक टांगायचा नाही, आंब्याच्या फांदीलाही नाही. लोखंडी तिकाटणं भाड्याने मिळतं, ते आण. त्याचे तीन पाय खाली साखळीने एकमेकांना बांध, नाहीतर वजन पडताच ते फाकतात. पायांखाली जाड फळ्या ठेव. चेन ब्लॉक एक टनाचा असू दे. इंजिनला दोर बांधू नकोस, साखळीच लाव, आणि ती ज्या बोल्टांनी धरायची ते पूर्ण आट्यात बसलेले हवेत, खाली मोठा वॉशर हवा. साखळीची लांबी नीट बघ. वजन १०० किलो धरलं तर साखळीचे दोन पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असताना प्रत्येकावर सुमारे ५८ किलोचा ताण येतो. साखळी आखूड घेतली आणि कोन ३० अंशांवर आला, की प्रत्येक पायावर पुरे १०० किलो येतात. म्हणून साखळी ऐसपैस घे.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. गिअर बॉक्स जागेवरच ठेवून नुसतं इंजिन काढलंस तर ती जोडणी सोडावी लागत नाही. बेल हाउसिंगखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने टेकू दे. साखळी किंचित ताणून इंजिनचं वजन उचलून धर, मग फाउंडेशनचे नट काढ, मग बेल हाउसिंगचे. इंजिन आधी पुढे सरकवायचं, सरळ, गिअर बॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण मोकळा होईपर्यंत, आणि त्यानंतरच वर. शाफ्टवर इंजिनचं वजन लोंबलं तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

आणि इथेच ते अडतं. सगळ्यांचं अडतं. तेव्हा पहार घालायचा मोह होतो, पण मोकळं झालेलं इंजिन चेनवर हाताच्या बोटाने झुलतं. झुलत नाही याचा अर्थ काहीतरी अजून धरून आहे. चेन सैल कर, टॉर्च घे आणि इंजिनभोवती पूर्ण फेरी मार. बॉडीला जाणारी अर्थची विणलेली तांब्याची पट्टी बघ, ती बहुतेकांची राहते. ऑइल प्रेशरची वायर, टेंपरेचरची वायर, चोकची वायर, अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा, सेल्फची जाड वायर, सायलेन्सर पाइपचा क्लॅम्प. आणि बेल हाउसिंगचा सगळ्यात वरचा बोल्ट, जो डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपावा लागतो. काहीच सापडलं नाही तर गिअर बॉक्सच्या टेकूची उंची जराशी कमी-जास्त करून बघ, शाफ्ट तिरका धरला गेला असेल. ओढून सोडवलेलं इंजिन मी पुष्कळ पाहिलंय. प्रत्येक वेळी फुटलेला कान किंवा तुटलेली वायर नंतर निघते.

उचलताना दोघं असा, आणि हुकूम एकाच्याच तोंडून. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेव. पायात चप्पल नको, बूट घाल. लहान मुलं घरात. टांगलेल्या इंजिनखाली हात, पाय, डोकं काहीही जाता कामा नये, नट खाली पडला तरी नाही. खालचं ऑइलचं चेंबर पुरेसं वर आलं की इंजिन धरून ठेव, गिअर बॉक्स गाडीलाच बांधून त्याचा जॅक काढ आणि गाडी मागे ढकल. इंजिन खाली ठेवायचं ते जुन्या टायरवर. फरशीवर ठेवलंस तर चेंबरचा पत्रा आत दबतो आणि ऑइलच्या जाळीला टेकतो. सगळी भोकं स्वच्छ फडक्यांनी बंद कर.

इंजिन नंबर घासून वाचून ठेव. आरसीवर तोच असतो, ब्लॉक बदलायची वेळ आली तर आरटीओत नोंद करावी लागेल. फाउंडेशनचे रबर, मागचं ऑइल सील, कोअर प्लग आत्ताच बदल. स्वस्त सामान आहे, कुर्ल्याला किंवा नाना पेठेत शोध घे, पण जुना नमुना बरोबर घेऊन जा.

बसवताना क्लच प्लेट जुन्या शाफ्टने मध्यावर आणून मगच प्रेशर प्लेट आवळ. इंजिन आणि बेल हाउसिंगमध्ये बोटभर फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नकोस. गाडी गिअरमध्ये टाक, क्रँक पुढून हळूहळू फिरव, शाफ्टचे आणि क्लच प्लेटचे दाते जुळले की इंजिन आपोआप आत जातं. ऑइल भर, प्लग बाहेर ठेवूनच थोडा थोडा सेल्फ मार, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग बसव, पेट्रोल जोड, आणि मला फोन कर. पहिला स्टार्ट मारताना मला तिथे यायचंय.