आयर्लंडमधील आजीबाईचा बटवा

१९३७ साली आयर्लंडमधील प्राथमिक शाळांतील मुलांना एक आगळा गृहपाठ मिळाला. गावातील वृद्धांना भेटावे, जुन्या कथा, चालीरीती व घरगुती उपचार विचारून घ्यावेत आणि ते वहीत उतरवून आणावेत, असा तो गृहपाठ होता. सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी तो मनापासून केला. त्या वह्या डब्लिन येथे आजही जतन केलेल्या आहेत.

या वह्यांतून खेड्यातील उपचार करणाऱ्यांचे दर्शन घडते. ती शेतावर राबणारी साधीसुधी माणसे होती. एखाद्या घराण्याकडे एकाच दुखण्याचा उपाय असे आणि तो पिढीजात चाले. लागोपाठ सात मुलगे झाले, तर सातव्याच्या हाताला गुण असतो, अशी समजूत होती. उपचाराचे पैसे घेणे पुष्कळ जण अनुचित मानीत.

चामखिळीवर गोगलगाय चोळून ती काट्याला टोचून ठेवीत. ती सुकेल तशी चामखीळही झडेल, असा विश्वास असे. पाय मुरगळल्यास मंत्र पुटपुटून दोरा बांधीत. डांग्या खोकल्यावर तर पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या स्वारालाच उपाय विचारीत!

मग गुण कसा येई? चामखीळ पुष्कळदा आपोआप जाते, मुरगळलेला पाय विश्रांतीने बरा होतो; श्रेय मात्र गोगलगाईला आणि दोऱ्याला मिळे. डांग्या खोकल्यासारख्या घातक रोगापुढे मंत्राचे काही चालत नसे.

परंतु सर्वच हसण्यावारी नेणेही योग्य नव्हे. उत्तर आयर्लंडमधील फर्मॅना परगण्यात एका चर्चच्या आवारातील माती कापडात गुंडाळून आजाऱ्याच्या उशाखाली ठेवण्याची प्रथा आहे. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या परिसरातील मातीत एक नवा सूक्ष्मजीव शोधून काढला. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या काही रोगजंतूंची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो, असे त्यांना आढळले. उशाखालच्या मातीने रोग बरा होतो, हे यावरून सिद्ध होत नाही. पण शोधाची वाट त्या जुन्या समजुतीने दाखविली, हे खरे.

विद्यार्थी मित्रहो, ऐकलेले लिहून ठेवणे म्हणजे त्यावर विश्वास ठेवणे नव्हे. आजारपणात डॉक्टरांकडेच जावे. परंतु आजीजवळ बसून तिच्या आठवणीही वहीत टिपून घ्याव्यात. पारख उद्या करता येईल. हरवलेले मात्र पुन्हा मिळणार नाही.