धामण आंधळी झालेली नाही

प्रश्न : कडब्याच्या गंजीत सापडलेली धामण मुलाने हौसेने पिंपात ठेवली आहे. तिचे डोळे दुधाळ झालेत, बेडूक टाकला तरी खात नाही. आंधळी झाली का? काय औषध द्यावे? – एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : औषध काही नको. ती कात टाकणार आहे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साचतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. तोही बदलतो, म्हणून डोळा निळसर-पांढरट दिसतो. या दिवसांत तिला धूसर दिसते, ती दडून बसते, खात नाही आणि हात लावला की फणकारते. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की थोड्याच दिवसांत ती खरबरीत जागी तोंड घासून कात उलटी सोलून काढते. कात हाताने ओढू नका, नवी कातडी फाटते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हवेत ओलावा नसला तर कात तुकड्यांनी निघते, कधी डोळ्यावर चिकटून राहते. पिंपात घासायला खरबरीत काही नाही, आणि उन्हात ते भट्टीसारखे तापते.

आणखी एक, स्पष्टच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण पाळणे गुन्हा आहे. पिंप लगेच सावलीत ठेवा, आत पाण्याचे पसरट भांडे ठेवा (दूध मुळीच नको) आणि आजच वनविभागाला १९२६ वर कळवा. धामण बिनविषारी आहे, गंजीतले उंदीर खाते. मुलाची आवड मोडू नका. पुढच्या वेळी त्याला लांबूनच पाहू द्या.